आषाढात पोतं, श्रावणात बाटली

माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली काढला तो उंदराच्या भानगडीत. आत उधारीच्या अकरा वह्या निघाल्या. लाल कापडी पुठ्ठ्याच्या, त्यातल्या दोन वाळवीनं चाळणी केलेल्या. वह्यांना अजून थायमेट ह्या कीटकनाशकाचा वास होता. ज्यानं तो एकदा घेतलाय त्याला सांगायला नको. बाकीच्यांनी कुजका लसूण आणि रॉकेल एकत्र आणून बघावं, थोडंफार जवळ जाईल.

येळ्ळूर रस्त्याला माझं खत-औषधाचं दुकान होतं. १९८८ ला लायसन काढलं, २०२१ ला शटर ओढलं. बेळगावच्या दक्षिणेकडच्या काळ्या शिवारातल्या कितीतरी घरांची पानं ह्या वह्यांत आहेत. पैसे बहुतेकांनी सुगी झाली की आणून दिले. दोघा-तिघांचे राहिले, पण आता मागायचे कुणाकडं, माणसंच राहिली नाहीत.

उंदीर राहिला बाजूला, मी पायरीवर बसून वह्या वाचत सुटलो. विकताना जे दिसलं नव्हतं ते वाचताना दिसायला लागलं. भावकीतल्या एका काकांचं १९९६ चं पान घ्या. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात युरिया दोन पोती. ऑगस्टच्या शेवटी मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक अर्धा लिटर. सप्टेंबरात करप्याचं औषध. दुसरं पान उघडलं, तेच. तिसरं, तेच. आषाढात ज्याच्या नावावर जास्त पोती, श्रावण-भाद्रपदात त्याच्याच नावावर जास्त बाटल्या. ज्यानं एकच पोतं नेलं होतं त्याच्या पानावर बाटली क्वचित.

ह्यात गूढ काही नाही. भाताला युरिया जास्त झाला की पात काळीभोर हिरवी आणि लुसलुशीत होते. बघणाऱ्याला बरं वाटतं, तुडतुडा ह्या रस शोषणाऱ्या किडीला त्याहून बरं वाटतं. मग त्याच्यावर फवारायचं. फवाऱ्यात तुडतुडे खाणारे कोळीही मरतात, म्हणून पुढच्या खेपेला तुडतुडे दुप्पट जोरानं येतात. दाट वाढलेल्या भातात वारा खेळत नाही, करपा पडतो, त्याला तिसरी बाटली. हे मला कळलं पन्नाशीत. सरकारनं आमच्यासारख्या जुन्या दुकानदारांसाठी एक वर्षाचा डिप्लोमा सुरू केला, आठवड्यातून एक दिवस वर्ग. वीसेक वर्षं माल विकून झाल्यावर मास्तर फळ्यावर त्रिकोण काढून शिकवत होते: डब्यावर लाल त्रिकोण म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. माझ्या मागच्या बाकावरचा एकजण पुटपुटला, "लाल तेवढाच खपतो की गा." वर्ग हसला. मीही हसलो. थायमेट लाल, मोनोक्रोटोफॉस लाल. शेतकरी दुकानात येऊन "स्ट्राँगातलं द्या" म्हणायचा आणि माझा हात आपोआप वरच्या फळीकडं जायचा.

पोती जास्त का गेली, तेही वहीतच आहे. ऑगस्ट १९९२ मध्ये केंद्र सरकारनं स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) ह्यांच्या खतांवरचं किमतीचं नियंत्रण काढलं, युरियावरचं ठेवलं. डीएपी ह्या स्फुरदाच्या खताचा भाव असा उसळला, की लोक दुकानात येऊन माझ्याशीच भांडले, जणू मीच वाढवलाय. युरिया तेवढा आवाक्यात राहिला. मग काय, ज्याला तिन्ही खतं टाकायची होती त्यानं एकच टाकलं, पण तिघांच्या वाटणीचं. शास्त्र म्हणतं नत्र-स्फुरद-पालाश ४:२:१ असावं. आमच्या शिवारात तेव्हा ते प्रमाण काय होतं हे कुणी मोजलं नाही, पण माझी वही बघून अंदाज येतो. पुढंही फारसं बदललं नाही. मी दुकान बंद केलं तेव्हा युरियाचं ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना होतं आणि डीएपीचं बाराशेवर. गरीब माणूस कुठलं उचलेल?

हे सगळं आईला वाचून दाखवलं. ती ऐंशीच्या घरात आहे, कान तिखट. म्हटलं, बघ, आपण लोकांच्या ताटात काय काय ओतलं. ती शेंगा फोडत होती, मान वर न करता म्हणाली, "मिलो खाल्लास काय कधी?"

नाही.

"मग गप की."

मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. १९६५ आणि ६६ अशी दोन वर्षं ओळीनं पाऊस गेला आणि देश अमेरिकेच्या पीएल-४८० ह्या अन्नमदतीच्या कायद्याखाली येणाऱ्या जहाजांकडं डोळे लावून बसला होता, तेव्हा गव्हाबरोबर हीही आली. आई सांगते, पीठ लालसर, भाकरी थापायला गेलं की कडा फाटायच्या, तव्यावर टाकेपर्यंत दोन तुकडे. खाल्ल्यावर पोटात दगड. शाळूच्या पांढऱ्याशुभ्र भाकरीवर वाढलेली माणसं ती. आमच्या अजोबांनी म्हणे पहिल्या दिवशी ताट सरकवलं आणि दुसऱ्या दिवशी मुकाट खाल्लं.

त्यामुळं १९६६ साली मेक्सिकोतून १८,००० टन गव्हाचं बियाणं आणलं, त्यावर आज कुणी एसीत बसून नाक मुरडलं की मला आईची आठवण येते. त्याच साली फिलिपिन्सच्या संस्थेनं आयआर-८ भात बाहेर काढलं. बुटकं. सगळी मेख त्या बुटकेपणात आहे. आमचं जुनं भात छातीला लागायचं; त्याला युरिया दिला तर ते आणखी उंच होऊन आडवं पडायचं. बुटकं भात खत पिऊनही उभं राहतं आणि घेतलेलं सगळं कणसात घालतं. म्हणजे आधी खत खाणारं बियाणं आलं आणि मागून खत. माझं दुकान त्यानंतरचं.

आम्हां बेळगावकरांना ह्या बदलाचा वास येतो, खरोखरचा. बेळगाव बासमती म्हणून आमचं एक भात होतं. उत्तरेतल्या लांब दाण्याच्या बासमतीशी त्याचं नातं नावापुरतं. येळ्ळूर, वडगाव, अनगोळच्या काळ्या जमिनीतलं, बारीक, उशिरा तयार होणारं. ते उतरायचं कमी, पण चुलीवर चढलं की गल्लीला कळायचं कुणाकडं पाहुणे आलेत. त्याची जागा इंद्रायणीनं घेतली. इंद्रायणी १९८७ ची, मावळात तयार झालेली, आंबेमोहोर-१५७ आणि आयआर-८ च्या संकरातली. मऊ, थोडी चिकट, वासही बऱ्यापैकी. मला आवडते, उगाच खोटं कशाला बोलू. आमच्या घरात रोज तीच शिजते. तिच्यात बाप कोण, आजा कोण हे माहीत असलं की घास गिळताना जरा गंमत वाटते एवढंच: आंबेमोहोराचा वास आणि आयआर-८ ची कंबर.

आता गुळाचं सांगतो, कारण ह्या सगळ्यात मला सगळ्यात जास्त तेच खुपतं.

माझं आजोळ निपाणीकडं. मामाचं गुऱ्हाळ होतं. सुट्टीत आम्ही पोरं तिथंच लोळायचो. चुलवाणात चिपाडं ढकलणाऱ्याच्या अंगाला जाळाचा रंग यायचा. काहिलीत रस ओतला की आधी काळपट हिरवा दिसतो. तापायला लागला की गुळव्या भेंडीचं पाणी टाकायचा. भेंडीची झाडं ठेचून पाण्यात चोळली की जो बुळबुळीत चिकट निघतो तो. त्यानं घाण वर येते, जाड, शेवाळी रंगाची. तिला मळी म्हणायचं. मोठ्या झाऱ्यानं ती काढत राहायचं, थांबायचं नाही. रस उतू जायला लागला तर थेंबभर तेल. मग बुडबुडे मोठे होतात, आवाज बदलतो. पाण्याचा खळखळाट जाऊन चिखलात पाय टाकल्यासारखा फसफस आवाज येतो. गुळव्या थंड पाण्याच्या भांड्यात चार थेंब टाकून बोटानं गोळी करायचा आणि ती काहिलीच्या काठावर आपटायचा. टण्णकन वाजली की "उतरा!" असा एकच ओरडा. आठ माणसं कड्यांना बांबू घालून काहील वाफ्यात पालथी करायची. आम्हाला द्रोणात काकवी मिळालेली असायचीच आधी, पण वाफ्याच्या कडेचं खरवडून खाण्याची मजा वेगळी. तो गूळ तांबूस होता. उन्हात वाळलेल्या मातीसारखा.

१९९० नंतर कधीतरी गेलो तर गुळव्याजवळ एक पांढऱ्या पावडरीचा डबा होता. हायड्रॉस. सोडियम हायड्रोसल्फाइट, कापडाच्या रंगकामात रंग उडवायला वापरतात ते. उतरायच्या थोडं आधी त्यानं ओंजळभर टाकली आणि माझ्या डोळ्यांदेखत तांबूस पाक केळ्यासारखा पिवळा झाला. उंबऱ्यावर बल्ब लावल्यासारखं. नाकात गंधकाचा तिखट झटका बसला. मी मामाला म्हटलं, हे काय? मामा म्हणाले, "कोल्हापुरात सौद्याला ढेप फोडली की व्यापारी आधी रंग बघतो. तांबड्याला भाव पाडतो. तू भाव देतोस काय?"

मी गप्प. कारण तोवर मला दुसरी गोष्टही कळली होती, आणि ती मामांना सांगायचं धाडस मला झालं नाही. आधी रस इतका काळा नव्हताच. उसाला उशिरापर्यंत युरिया घातला की रसात साखरेपेक्षा इतर घटक वाढतात, गूळ काळपट आणि मऊ होतो, ढेप बसत नाही. मामांच्या रानात युरिया माझ्याच दुकानातनं, भाच्याच्या हक्कानं उधारीवर जायचा. पोतं माझं, काळपटपणा पोत्याचा आणि तो घालवायला हायड्रॉस. भातात पोत्यामागून बाटली आली, इथं पावडर आली, इतकाच फरक.

अन्नसुरक्षेच्या नियमात गुळातल्या सल्फर डायऑक्साइडला दहा लाखात ७० भागांची मर्यादा आहे. गुऱ्हाळात ती ओंजळीनं मोजायची, एवढंच. गंमत अशी, की हायड्रॉसचा पिवळा टिकतही नाही. चार-सहा महिन्यांत ढेप पुन्हा काळवंडते. म्हणजे तो रंग फक्त सौद्याच्या दिवसापुरता. आणि कुणी म्हणेल, मग साखर खाऊ. तर आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांत साखर पांढरी होते तीही रसातनं गंधकाचा धूर सोडूनच.

मामांनी दर हंगामात दोन काहिली विनापावडरीच्या काढल्या. घरासाठी. विकायचा पिवळा, खायचा तांबडा. मामींच्या फडताळात तांबड्या ढेपा आणि गाडीत पिवळ्या. तेव्हा मला ते लबाडीचं वाटलं होतं. घरी आल्यावर आठवलं, आमच्या परसातल्या वांग्यावर मी जन्मात कधी फवारलं नव्हतं. बायकोला दोनदा बजावलंही होतं, दुकानातली बाटली घरात आणायची नाही. मग माझ्यात आणि मामांत फरक काय? मामांच्या फडताळाला निदान दार नव्हतं, कुणीही बघू शकायचं.

तेलाचं फार सांगत नाही, सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडं शेंगतेल होतं, घाण्यावरनं डब्यात यायचं, पेंड म्हशीला. नंतर रेशनला पामतेल आलं, मग रिफाइंडच्या पिशव्या. घाणा बसला, पेंड गेली, पाठोपाठ म्हैसही गेली. रेशनच्या तांदळाचं तेवढं एक सांगतो. मध्यंतरी त्यात पोषक दाणे मिसळायला लागले, शंभराला एक: लोह, फॉलिक ॲसिड, बी-१२. ते दाणे पीठ करून पुन्हा तांदळासारखे पाडलेले, जरा पिवळट, पाण्यावर तरंगणारे. आई सुपात घेऊन ते "प्लास्टिकचे" म्हणून एकेक वेचून अंगणात फेकते. तिच्या रक्तात लोह कमी आहे, डॉक्टरनं लिहून दिलंय. तिला सांगून दमलो. पूर्वी जे घालायला नको होतं ते आम्ही बिनबोभाट खाल्लं, आणि आता एक गोष्ट बऱ्या हेतूनं घातलीय तर विश्वास उडून बसलाय. अंगणातल्या चिमण्या तेवढ्या धडधाकट.

मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारनं गोबी मंचुरीत आणि साखरेच्या कापसात कृत्रिम रंग घालायला बंदी केली. गोबीचे १७१ नमुने तपासले होते, १०७ मध्ये घातक रंग निघाला. कापसाचे २५, त्यातले १५. गुलाबी कापसात रोडामाइन-बी, तोही मूळचा कापडाचाच रंग. पुन्हा कापड! जूनमध्ये कबाबावरही तीच बंदी आली. आमच्या गल्लीच्या तोंडाला एक गाडा आहे. पोरगा प्रामाणिक, त्यानं दुसऱ्या दिवसापासून रंग बंद केला. पुतण्याचा मुलगा, सातवीतला, प्लेट घेऊन आला आणि तोंड वाकडं केलं. म्हणे, "आज कच्चा दिलाय." कच्चा नव्हता, कुरकुरीत होता, मी खाल्ला. पण तपकिरी होता. आठ दिवसांत त्या गाड्यासमोरची गर्दी कोपऱ्यापलीकडच्या गाड्याकडं गेली, तिथं गोबी अजून लालभडक होता. गाडेवाला मला म्हणाला, "काका, दंड सरकार करतंय, पण उपाशी गिऱ्हाईक ठेवतंय." सौद्यात ढेप फोडणारा व्यापारी आणि सातवीतलं पोरगं, दोघांचीही जीभ डोळ्यात.

तर ह्या वह्या सापडायच्या आधीच्या वर्षी मी एक उद्योग केला होता. दुकान बंद, हात रिकामे. एका ओळखीच्या म्हाताऱ्यानं मडक्यात राखेत ठेवलेलं बासमतीचं बी दिलं. खाली पाच गुंठे माझे, बांधाच्या वरच्या अंगाला भावाची इंद्रायणी. कुरीनं पेरलं, कोळपलं, शेणखत तेवढं घातलं. आयुष्यभर पोती विकलेला माणूस शेणखताची पाटी डोक्यावर घेऊन चाललाय, हे बघायला रस्त्यावर माणसं थांबायची. एकानं विचारलंही, "काय गा, माल खपला नाही काय?"

जुलैत भावानं वर युरिया फेकला. त्याच रात्री धो-धो पाऊस. सकाळी जाऊन बघतो तर बांधाला हातभर खिंडार आणि वरचं सगळं पाणी माझ्या तुकड्यात. पंधरा दिवसांत माझं भात काळंभोर झालं. गुडघ्याचं कमरेला, कमरेचं छातीला. येणारे-जाणारे म्हणायला लागले, शेणखताचा गुण बघा! मी काय बोलणार? ऑक्टोबरात परतीचा पाऊस आला आणि एका दुपारी पाचच्या पाच गुंठे झोपलं. चटई अंथरल्यासारखं. आयआर-८ का काढावं लागलं, हे फळ्यावर कळलं नव्हतं तेवढं बांधावर उभं राहून कळलं. कापणीचं मशीन आडवं भात उचलत नाही. चार बायका लावून विळ्यानं कापलं, मजुरीच भाताच्या किमतीवर गेली. खालच्या लोंब्यांना कोंब आले होते. गिरणीत निम्म्याच्या कण्या झाल्या.

तरी दिवाळीनंतर एका रविवारी आईनं ते शिजवलं. कण्या बाजूला काढून, अख्खे दाणे निवडून, चुलीवर नव्हे, गॅसवरच. कुकर नको म्हणाली, टोपात. झाकण काढलं तेव्हा मी बाहेर होतो आणि मला बाहेर कळलं. सातवीतला नातू पानावर बसला, दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "आज्जी, ह्यात काय घातलंस?"

"पाणी," आई म्हणाली.

उरलेलं बी दोन पायली आहे, राखेत ठेवलंय. यंदा मी म्हणतोय की बांधाच्या वरच्या अंगाला मी पेरतो आणि खालचा तुकडा भावाला देतो. भाऊ म्हणतो, वर पाणी थांबत नाही, बासमतीला ते चालायचं नाही. खरं तर त्याला खालचा तुकडा चांगला वाटतो, म्हणून मुकाट कबूल होईल असा माझा अंदाज आहे. बोलणी चालू आहेत.